चार फुटी रीफ टाकीसाठी ऑर्डरवर बनवलेला काचेचा सम्प: कसा आहे, काय बदलून घ्यावं

रीफ टाकी म्हणजे प्रवाळांची समुद्री टाकी, आणि सम्प म्हणजे तिच्याखाली ठेवलेली दुसरी टाकी: वरचं पाणी ओव्हरफ्लोतून तिच्यात उतरतं, साफ होतं आणि रिटर्न पंप ते परत वर पाठवतो. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास किंवा कुर्ल्याच्या माशांच्या बाजारात टाक्या बनवणाऱ्याला नुसतं 'सम्प पाहिजे' म्हटलं, तर बहुतेक वेळा जे हातात येतं ते असं: 30 × 14 × 15 इंचांचा 6 मिमी काचेचा डबा, आत सारखे तीन कप्पे, सगळी पार्टिशनं 10 इंच उंच आणि वरच्या कडेला दीड-दीड इंचाच्या आडव्या पट्ट्या. काम सुबक असतं. सिलिकॉनची रेघ सरळ, गळती क्वचितच. पण हाच सम्प समुद्री टाकीखाली जसाच्या तसा सरकवला तर स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) आत जात नाही, आणि पहिल्यांदा लाइट गेली की लादी खाऱ्या पाण्याने ओली होते. याचा दोष कारागिराला देता येत नाही. त्याचा रोजचा धंदा गोड्या पाण्याचा, तिथे हे माप चालून जातं. ड्रॉइंग दिलं तर तोच माणूस त्याच काचेत उत्तम रीफ सम्प करून देतो.

पुढची मापं 48 × 18 × 18 इंचांच्या, 10 मिमी काचेच्या आणि ओव्हरफ्लोसाठी खाली भोकं पाडलेल्या टाकीसाठी आहेत.

आधी वरच्या पट्ट्या काढायला सांगा. 15 इंच उंचीच्या सम्पमध्ये पाणी अर्ध्यावरच राहतं, आतली पार्टिशनंच लांब बाजूंना धरून ठेवतात. पट्ट्यांमुळे साडेतेरा इंचांचं तोंड साडेदहावर येतं, आणि मग स्किमरचं बूड तिरकं करून कोंबावं लागतं. पट्ट्या गेल्या की मोकळी धार उरते, म्हणून चारी कडा पॉलिश करून घ्या. महिन्यातून दहा वेळा हात आत जाणार आहे.

दुसरा बदल कप्प्यांचा. सारखे तीन कप्पे दिसायला छान, उपयोगाला वाईट. 30 इंचांत रेफ्युजिअमचा (शेवाळ वाढवायच्या कप्प्याचा) हट्ट धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आठ-नऊ इंचांच्या कप्प्यात कीटोचा (नायट्रेट शोषणाऱ्या शेवाळाचा) गोळा जेमतेम मावतो, त्यावरचा दिवा शेजारच्या कप्प्यांत शेवाळ वाढवतो, आणि नायट्रेटवर (घाणीतून पाण्यात साचणाऱ्या क्षारावर) म्हणावा तसा फरक पडत नाही. त्यापेक्षा सॉक (पाणी गाळायची पिशवी) आणि स्किमरसाठी 16 इंच, बुडबुडे अडवणाऱ्या तीन उभ्या पट्ट्यांना (म्हणजे पार्टिशनांना) पावणेतीन इंच आणि रिटर्न पंपाला उरलेले पावणेअकरा इंच अशी वाटणी ठेवा. तीन पट्ट्यांत पहिली तळाला चिकटलेली, दुसरी तळापासून 1 इंच वर उचललेली, तिसरी पुन्हा तळाला. दोन पट्ट्यांमधलं अंतर 1 इंच. दुसरी पट्टी पहिलीपेक्षा 2 इंच तरी उंच हवी, नाहीतर पाणी तिच्या डोक्यावरून जातं आणि बुडबुडे थेट पंपात. पट्ट्या आतल्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी 2 ते 3 मिमी कमी कापायला सांगा. ती फट सिलिकॉनने भरते. काचेला काच घट्ट बसवली तर पाण्याच्या दाबाने बाजू फुगताना ताण थेट काचेवर येतो.

आता पहिल्या पट्टीची उंची. सगळा सम्प या एका आकड्यावर उभा आहे, म्हणून इथे कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

वरच्या टाकीत 1 इंच पाणी म्हणजे साधारण 13 लिटर. सम्पमध्ये 1 इंच म्हणजे साडेसहा लिटर. म्हणजे वरचा एक इंच खाली आला की सम्पमध्ये दोन इंच चढतो. रिटर्नचं तोंड पाण्याखाली 2 इंच ठेवलं असेल, तर पंप बंद पडताच त्याच पाइपातून पाणी उलटं ओढलं जातं आणि तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. सुमारे 26 लिटर, म्हणजे सम्पमध्ये 4 इंच. ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइपातलं पाणी मिळून आणखी इंचभर. दुकानातली पट्टी 10 इंचांची, त्यात 5 मिळवले की 15. सम्पची उंचीही 15. लादी ओली का होते, ते इथे कळतं.

पहिली पट्टी 8 इंच, तिसरी 7 इंच आणि रिटर्नचं तोंड पाण्याखाली फक्त अर्धा इंच असं केलं, तर लाइट गेल्यावर सम्प 10 इंचांच्या आसपास थांबतो. वर 5 इंच मोकळे. स्किमरला मात्र किती खोल पाणी लागतं ते त्याच्या माहितीपत्रकात बघून मगच पट्टीचा आकडा पक्का करा. पाणी जास्त झालं तर स्किमरखाली पीव्हीसीचा पाट ठेवता येतो, कमी पडलं तर काहीच करता येत नाही. पाणी उलटं ओढलं जाऊ नये म्हणून रिटर्नच्या पाइपाला हवेसाठी भोक पाडायची युक्ती सगळे सांगतात. पाडा, पण त्यावर विसंबू नका. गुलाबी कोरलाइन शेवाळ किंवा एखादी गोगलगाय ते भोक बुजवते. चेक व्हॉल्व्हचंही (पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या झडपेचं) तेच, वाळूचा एक कण अडकला की तो नावापुरता.

उलट बाजूही तपासा. ड्रेन तुंबला तर पंप रिटर्न कप्प्यातलं पाणी वर फेकत राहतो. इथे पंप 4 इंचांवर हवा ओढू लागतो असं धरलं तर 7 ते 4 या तीन इंचांत सुमारे 7 लिटर मिळतात, वरच्या टाकीत अर्ध्या इंचाहून थोडं जास्त. वरच्या काचेला तेवढी मोकळी कड ठेवली की वरूनही सांडत नाही. सारख्या तीन कप्प्यांच्या नमुन्यात रिटर्नला पाणी 10 इंचांवर असतं, मग वर जाणारं पाणी दुप्पट होतं.

प्लंबिंगमध्ये एकपाइपी ड्रेन नको. दोन पाइपांची हर्बी पद्धत घ्या. मुख्य पाइप पूर्ण भरून वाहतो आणि त्यावर गेट व्हॉल्व्ह असतो, दुसरा पाइप आणीबाणीचा, मोकळा. मुख्य पाइपाचं टोक सम्पच्या पाण्यात 1 इंचच बुडवा. जास्त बुडवलं तर लाइट परत आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन लागत नाही. आणीबाणीचा पाइप पाण्याच्या वर संपवा. त्यातून धबधबा ऐकू आला की मुख्य पाइपात काहीतरी अडकलंय. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात उघडमीट होतो, त्यावर पाणी बारीक जुळवता येत नाही. गेट व्हॉल्व्हच हवा, तोही प्लॅस्टिकचा. हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला की पितळी पुढे येतो. पितळेतलं तांबं प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना मारतं. सीपीव्हीसीच्या आटे असलेल्या फिटिंगमध्येही बऱ्याचदा आत पितळ असतं, वरून दिसत नाही, तोंडात डोकावून बघा.

आणखी एक जाच म्हणजे 'एक इंच'. पिवळसर सीपीव्हीसीच्या 1 इंची पाइपाचा बाहेरचा व्यास 28.6 मिमी, शेड्यूल 40 यूपीव्हीसीचा 33.4 मिमी, आणि मिमीच्या मापातल्या बल्कहेडला (टाकीच्या भोकात पाइप बसवायच्या फिटिंगला) लागतो 32 मिमी. तिन्हींना दुकानदार एक इंचच म्हणतो. बल्कहेड खिशात घालून पाइप आणायला जा, आणि टाकीची भोकं बल्कहेड हातात आल्यावरच पाडून घ्या.

रिटर्न पंप 24 व्होल्टचा, वेग कमीजास्त करता येणारा डीसी घ्या. सम्पमधून तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरलं की पुरे. इथे ते 1000 ते 1200 लिटर होतं, प्रवाळांना लागणारा जोर वरच्या टाकीतले वेव्हमेकर (लाटा करणारे पंप) देतील. पंपावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. पाच फूट चढ आणि तीन-चार एल्बो गेल्यावर त्याचं बरंच कमी होतं, म्हणून 2500 ते 3000 लिटरचा घेऊन कमी वेगावर चालवा.

डिलिव्हरी घेताना सिलिकॉन विचारा. व्हिनेगरसारखा वास येणारं, बुरशीनाशक नसलेलंच हवं. बाथरूमचं 'अँटी-फंगल' चुकूनही नको. कारागीर दुसऱ्या दिवशी न्यायला सांगतो, तुम्ही पूर्ण आठवडा सुकू द्या. मग सपाट जागी, खाली थर्माकोल आणि जुनं वर्तमानपत्र घालून काठोकाठ भरा आणि 24 तास तसाच ठेवा. बाहेरच्या जोडातून एक ठिपका आला तरी परत द्या. आतल्या पट्टीतून थेंब-थेंब पाझर असेल तर त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, चालू सम्पमध्ये त्याने काही बिघडत नाही.

स्टँडचं माप लोक हमखास विसरतात. सम्प 15 इंच, पण स्किमर 20 इंच आणि त्याचा कप उचलायला वर 5 इंच, म्हणजे आत 25 इंच मोकळी उंची हवी. सुताराने दाराच्या मधोमध उभा खांब दिला असेल तर 30 इंची काच पुढून आत जाणारच नाही. वायरिंगचा बोर्ड सम्पच्या वर नको, बाजूला हवा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, आणि लाइनवर 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा.

बाष्पीभवन फक्त रिटर्न कप्प्यात दिसतं. दिवसाला 3 लिटर गेले तर दोन दिवसांत पंप हवा ओढायला लागतो, त्यामुळे ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारं उपकरण) लागतोच. त्यात आरओ-डीआयचं, म्हणजे फिल्टरने क्षारमुक्त केलेलं गोडं पाणी, मीठ नाही. राखीव कॅन 20 लिटरपेक्षा मोठा ठेवू नका. सेन्सर अडकून सगळा कॅन रिकामा झाला तरी या टाकीची खारटता हजारी 35 भागांवरून साडेबत्तीसपर्यंतच उतरते, आणि एवढं बहुतेक प्रवाळ सोसतात. 50 लिटरचा पिंप असेल तर सोसणार नाहीत.

सॉक 200 मायक्रॉनचा, तीन-चार दिवसांनी बदलायचा. आठवडाभर ठेवला की तोच नायट्रेटचा कारखाना. पहिले दहा-पंधरा दिवस टाकीत बारीक बुडबुडे दिसले तर पट्ट्या उखडू नका, नवीन स्किमर स्थिरावला की ते कमी होतात.

ज्यांना मापं काढण्याचा कंटाळा आहे त्यांनी आयात केलेला ॲक्रिलिक सम्प घ्यावा. सॉकची जागा, प्रोबच्या (पाणी मोजणाऱ्या सेन्सरच्या) खाचा, मागेपुढे होणारी पट्टी असं बरंच काही तयार मिळतं. पण त्यात पुढे काचेसारखी पट्टी सिलिकॉनने वाढवता येत नाही, ॲक्रिलिकवर सिलिकॉन धरत नाही. हिशेब करायची तयारी असेल तर काचेचाच घ्या, किमतीत फार फरक पडतो.

सगळं जोडून झालं की मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर मेन स्विच तीनदा बंद-चालू करा. बंद असताना पाणी पूर्ण थांबेपर्यंत बघा, मग रिटर्न कप्प्याच्या काचेवर बाहेरून मार्करने दोन रेघा ओढा: चालू असतानाची आणि बंद असतानाची. टॉप-ऑफचा सेन्सर खालच्या रेघेवर बसवायचा.