साडी परत घ्यावी, की थोडे पैसे परत करावेत?

महाद्वार रोडमागच्या खोलीतून मी जुन्या इरकली, नारायणपेठी साड्या ऑनलाइन विकते. तक्रार आली की वाटा दोनच: साडी परत घेऊन पूर्ण पैसे द्यायचे, नाहीतर साडी त्यांच्याकडेच राहू देऊन थोडी रक्कम यूपीआयनं वळती करायची.

परवा पुण्याच्या एका ताईंनी फोटो पाठवला. घडीवर रेशीम विरलेलं, उजेडाला धरलं की नुसती जाळी. आणि मी वर्णनात ‘उत्तम स्थिती’ लिहून बसलेली! इथं घासाघीस नाहीच. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. दोन्हीकडचं कुरिअर मीच भरलं. साडी आली ती आणखी चार ठिकाणी फाटून, ते वेगळंच.

काळवंडलेली जरतार, पदरावर हळदीचा डाग, उसवलेला फॉल असेल तर मात्र मला दुसरी वाट बरी वाटते. फॉल-पिकोचे पैसे दिले की बहुतेक जणी खूश असतात. फक्त ते आपण लादायचं नाही, “ठेवताय, की पाठवताय?” एवढंच विचारायचं.

आणि नुसता रंग आवडला नाही म्हणणाऱ्यांना? साडीच्या बदल्यात साडी, बास.