आधी कोड की आधी काम? ओपन सोर्सची दोन पहिली पानं

बेळगावच्या शहापुरात आमच्या मामांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे, त्यांना डिझाईनसाठी फुकटचं, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर पाहिजे होतं म्हणून मी दोन साईट उघडून दाखवल्या.

पहिली एका छोट्या प्रोजेक्टची. वरच 'मॉड्युलर, क्रॉस प्लॅटफॉर्म, जीपीएल' (जीपीएल म्हणजे ओपन सोर्सचं एक लायसन्स) आणि खाली लगेच गिट क्लोनची, म्हणजे कोड उतरवून घ्यायची कमांड, चित्र एक नाही. मामा म्हणाले, "अरे पण हे करतंय काय ते सांग की!" कोड लिहिणाऱ्याला असं पान बरं पडतं, रेपो (कोड ठेवलेली जागा) कुठाय, बिल्ड कसं करायचं (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर कसं बनवायचं), सगळं हाताशी. पण वापरणारा तिथनंच परत फिरतो, आणि वापरणारेच नसले तर बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, कळवणार कोण?

दुसरी इंकस्केपची. हे व्हेक्टर एडिटर (कितीही मोठं केलं तरी न फाटणारी चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, हे तिथं सरळ लिहिलंय आणि डाउनलोड शोधत बसावं लागत नाही. कोडवाल्यांसाठी वेगळं पान आहेच की, म्हणजे त्यांचं काही अडत नाही.

मला दुसरीच पद्धत पटते. फक्त अजून दोन गोष्टी पहिल्या पानावरच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं: धंद्यात वापरलं तर चालतं का (जीपीएलमध्ये चालतं, काढलेलं डिझाईन आपलंच राहतं), आणि मराठी-कन्नड एकाच पत्रिकेत नीट उमटतं का, त्याचा एक स्क्रीनशॉट. बेळगावात गिऱ्हाईक हेच आधी विचारतंय.