सॅन पेटीऐवजी डीआरबीडी: बेळगाव भागात कुठे चालेल, कुठे नाही

दोन सर्व्हर आणि मध्ये एक सॅन पेटी (दोघांनी मिळून वापरायची डिस्कची पेटी), हा क्लस्टरचा, म्हणजे एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने काम उचलायच्या जोडीचा, नेहमीचा नकाशा. पेटीत कंट्रोलर (डिस्क चालवणारा भाग) एकच असला तर दोन सर्व्हर घेऊनही सगळा जीव तिच्यातच अडकलेला. दोन कंट्रोलरची पेटी उद्यमबागच्या फाउंड्रीला किंवा खानापूरच्या पतसंस्थेला सहसा परवडत नाही. तिथे डीआरबीडी हे सॉफ्टवेअर कामाला येतं. २०१० पासून ते लिनक्स कर्नलमध्येच आहे, परवान्याचे पैसे नाहीत. एका सर्व्हरच्या डिस्कवर पडणारा प्रत्येक ब्लॉक ते नेटवर्कवरून दुसऱ्याच्या डिस्कवरही लिहितं.

डेटाबेससाठी डीआरबीडीची प्रोटोकॉल सी हीच पद्धत लावा. दोन्ही डिस्कवर लिहून झाल्याशिवाय त्यात कमिट (नोंद पक्की होणं) पुरा होत नाही, म्हणून दोन सर्व्हरमध्ये स्विच न घालता थेट १० गिगाबिटची केबल ओढा. १ गिगाबिटवर सेकंदाला जेमतेम ११० एमबी जातात. २ टीबीच्या पहिल्या सिंकलाच (दुसऱ्या डिस्कवर पूर्ण नक्कल करायला) पाच तास. साखर कारखान्यात हे काम गळीत हंगामाआधी उरका. काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असताना सिंक लावलात तर पावती अडते आणि शिव्या आयटीवाल्याला.

खरी परीक्षा फेन्सिंगची, म्हणजे बिघडलेल्या सर्व्हरला सक्तीने बाजूला काढण्याची. केबल तुटली की दोघांनाही वाटतं, समोरचा मेला. दोघेही प्रायमरी (नोंदी लिहिणारा मुख्य सर्व्हर) होतात, दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी पडतात. हाच स्प्लिट-ब्रेन. मग एकाला ‘डिसकार्ड-माय-डेटा’ देऊन जोडावं लागतं, आणि त्याच्याकडच्या मधल्या पावत्या गेल्या त्या गेल्याच. म्हणून पेसमेकरमध्ये (क्लस्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर) स्टोनिथ (समोरच्याला सक्तीने बंद करणं) चालू आणि डीआरबीडीत फेन्सिंग ‘रिसोर्स-अँड-स्टोनिथ’वर हवं. ‘नंतर बघू’ म्हणत स्टोनिथ बंद ठेवून देणाऱ्याचं बिल अडवलं तरी चालेल.

त्यातही एक मेख आहे. बहुतेक ठिकाणी फेन्सिंग आयपीएमआयवर (सर्व्हर दुरून बंद-चालू करायची त्याच्यातलीच सोय) असतं, आणि आयपीएमआयला करंट त्याच सर्व्हरच्या पॉवर सप्लायमधून मिळतो. लाइट गेली, एका सर्व्हरचा यूपीएस बसला, की त्याचं आयपीएमआयही गप्प. दुसऱ्याला ‘तो नक्की बंद झाला’ असं उत्तर मिळत नाही, म्हणून धडधाकट असूनही तो डेटाबेस उचलत नाही. उपाय: प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, दोन वेगळ्या यूपीएसवर, शिवाय नेटवर्कवरून बंद करता येणारा पीडीयू (सर्व्हरांना वीज वाटणारा बोर्ड) फेन्सिंगची दुसरी पायरी म्हणून. हा खर्च कोटेशनमध्ये हमखास गाळलेला असतो.

बेळगाव-निपाणी अशा लांबच्या जोडीला प्रोटोकॉल सी नको. फायबरमध्ये १०० किलोमीटरच्या जाण्यायेण्यालाच सुमारे १ मिलिसेकंद जातो, आणि तो प्रत्येक कमिटवर भरावा लागतो. तिथे प्रोटोकॉल ए ठेवा, तो दुसऱ्या डिस्कची वाट बघत नाही. मुख्य सर्व्हर अचानक गेला तर शेवटच्या काही नोंदी बुडतील, हे मालकाकडून आधी कबूल करून घ्या.

बॅकअप मात्र वेगळाच लागतो: इकडे टेबल उडालं की तिकडेही त्याच क्षणी उडतं. महिन्यातून एकदा रात्री ‘व्हेरिफाय’ (दोन्ही डिस्क जुळतात का याची तपासणी) चालवा. फरक निघाला तर तो फक्त नोंदवला जातो, आपोआप दुरुस्त होत नाही. त्यासाठी जोडणी तोडून पुन्हा जोडावी लागते.