फुल फ्रेम कॅमेरा ठेवू की मायक्रो फोर थर्ड्स घेऊ?

दोन्ही वापरून झालेत म्हणून सांगतो, फुल फ्रेमचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) ३६ बाय २४ मिमी आणि मायक्रो फोर थर्ड्सचा १७.३ बाय १३, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम पाव. सगळा फरक तिथूनच सुरू होतो. मायक्रो फोर थर्ड्सच्या छोट्या बॉडीला ३०० मिमीची लेन्स लावली की फ्रेम ६०० मिमीइतकी टाइट मिळते, आणि ती हातात धरून खंड्या उडेपर्यंत त्याच्यामागे लागता येतं, ट्रायपॉडची कटकट नाही. फुल फ्रेमवर तेवढी रीच (लांबचं जवळ आणायची ताकद) हवी तर जे धूड उचलावं लागतं ना, त्यापायी माझी बॅग निम्म्या वेळा कपाटातच राहायची.

पण अंधार पडला की छोट्याची दमछाक होते हे खरंय, साधारण दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट प्रकाशाचा फटका धरा. पोर्ट्रेटला मागचं सगळं ब्लर करायचं असेल तरी तेच, इथला एफ २.८ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा) तिकडच्या फुल फ्रेमच्या एफ ५.६ सारखा दिसतो (एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, मात्र २.८ चंच, यावर लोक उगाच भांडतात). मॅक्रोत (अगदी जवळून काढलेल्या फोटोत) उलट हीच कमी ब्लरची गोष्ट कामाला येते, मुंगीचे डोळे आणि मिशा दोन्ही शार्प मिळतात.

लग्नं, स्टेज वगैरे शूट करत असाल तर मोठाच ठेवा. मी मात्र विकून टाकला, फक्त ५० मिमीची लेन्स द्यायला जिवावर आलं, ती बॉडीशिवाय तशीच पडून आहे.