कव्हर नसलेलं ग्रीक पुस्तक, १२० रुपये

फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलं, कव्हर फाटलेलं आणि सुरुवातीची चार पानं गायब, त्यामुळे नाव-लेखक विचारू नका, पुस्तकवाल्या काकांनाही माहीत नव्हतं. दीडशे म्हणाले, मी शंभर, १२० वर तुटलं. इंग्लिश अनुवाद आहे. लोकलमध्ये पाच दिवसात संपवलं, त्यात एकदा बोरिवलीला उतरायचं राहिलं आणि थेट भाईंदर.

लव्ह ट्रँगल म्हटल्यावर मी जरा नाक मुरडलेलं. एलेनी पिरेअस बंदरात टायपिस्ट, यानिस मेलबर्नला फॅक्टरीत लागलेला, पेत्रोस अथेन्सला वकिली शिकतोय. मग २१ एप्रिल १९६७ ला पहाटे रस्त्यावर रणगाडे, लष्करातल्या कर्नल लोकांनी सत्ता घेतली, आणि पेत्रोसला उचलून यारोस नावाच्या उजाड बेटावर टाकतात.

इथून पुस्तक जे पकडतं ना! कारण कोण आवडतो हा प्रश्नच राहत नाही, सगळं येतं कागदावर. तिकडे तेव्हा नोकरी, पासपोर्ट कशालाही पोलिसांचा दाखला लागायचा, की घरात कोणी डाव्या विचाराचं नाही. एलेनीचा बाप यादवी युद्धात, म्हणजे १९४६ ते ४९, डाव्यांकडून लढलेला, म्हणजे दाखला विसरा. यानिसचा मामा पोलिसात, तो म्हणतो करून देतो, पण बापाशी संबंध नाही असं लिहून दे. आणि बेटावर पेत्रोसपुढेही तसलाच कागद, माझे विचार चुकले म्हणून सही कर आणि घरी जा. ती सही करते, तो करत नाही. लेखक कोणाचीच बाजू घेत नाही, मला वाचताना राग येत होता आणि कोणाचा ते कळत नव्हतं. आमचे काकाआजोबा आणीबाणीत येरवड्याला होते, शेजारचे एक जण माफीनामा देऊन सुटले तर आमच्या घरातलं कोणी त्यांच्याशी कित्येक वर्ष बोललं नाही, आजी तेवढी गुपचूप पुरणपोळी पाठवायची.

मग एलेनी बोटीने मेलबर्नला निघते, तो बोटीचा भाग तर दोनदा वाचला. सुएझ कालवा बंद, त्यामुळे बोट अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून ऑस्ट्रेलियाला, आणि बोटीवर लग्नाला निघालेल्या मुली, नवरा फक्त फोटोत बघितलेला, त्या रात्री डेकवर एकमेकींचे फोटो बघून हसतात. एकीचा फोटो दहा वर्ष जुना निघतो, ते बंदरावर कळतं 😄

मेलबर्नला पोचल्यावर मात्र गाडी सायडिंगला. फॅक्टरी, हप्त्यावरचा फ्रिज, परत फॅक्टरी. यानिस बिचारा तर नुसता ओव्हरटाइम करणारा माणूस म्हणून उरतो, तिसरा कोन असा बोथट ठेवायचा तर ट्रँगल कशाला? आणि १७ नोव्हेंबर १९७३, अथेन्सच्या पॉलिटेक्निक कॉलेजात हुकूमशाहीविरुद्ध विद्यार्थी ठाण मांडून बसलेले आणि त्याचं गेट रणगाड्याने पाडलं ती रात्र, दीड पानात! तीही रेडिओवरून. एवढ्यासाठी मी थांबलेले. १९७४ च्या जुलैत हुकूमशाही कोसळते आणि पत्र येतं, पुढचं सांगत नाही.

साडेतीन स्टार, त्यातला अर्धा त्या फोटोवाल्या मुलींना. वाचायला देईन, फक्त मी ब्राउन पेपरचं कव्हर घातलंय ते फाडू नका.