पांढरे कोरे कागदी मुखवटे: मास्करेडच्या (मुखवटे घालून करायच्या पार्टीच्या) धंद्यासाठी घ्यावेत का?

क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीट परिसरातल्या हस्तकलेच्या दुकानांत, आणि ऑनलाइनही, कागदी लगद्याचे पांढरे कोरे मुखवटे डझनाच्या भावाने मिळतात. डोळे आणि नाकाचा वरचा भाग झाकणारा अर्धा आकार, व्हेनिसकडे ज्याला कोलंबिना म्हणतात तो. ठाण्यात किंवा नवी मुंबईत घरून मुखवटे रंगवून विकायचं ठरवलं की पहिली खरेदी बहुधा हीच होते. थेट सांगायचं तर माल घेण्यासारखा आहे. जसा येतो तसाच रंगवून विकण्यासारखा मात्र नाही. त्याला आतून अस्तर लागतं, आणि ते अस्तर पूर्ण वाळावं लागतं. ही दोन कामं जो टाळतो त्याचे मुखवटे पार्टी संपायच्या आत कानशिलापाशी फाटतात.

हा माल बनतो कसा ते कळलं की त्याचे दोषही कळतात. पाण्यात कालवलेला कागदाचा लगदा जाळीच्या साच्यावर हवेने ओढून घेतात, पाणी काढतात आणि वाळवतात. अंड्यांचे ट्रे याच पद्धतीने बनतात. जाळीकडच्या बाजूवर जाळीची नक्षी उमटते. काही लॉटमध्ये ही नक्षी दर्शनी बाजूला आलेली असते. तसा माल स्वस्तात दिला तरी सोडून द्यावा, कारण ती बुजवायला प्रायमरचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या लेपाचे, दोन हात जास्त लागतात आणि सोनेरी रंग चढला की ती पुन्हा उठून दिसते.

लगद्यातले तंतू आखूड असतात, ही दुसरी गोष्ट. कागदाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेल्या मुखवट्यात लांब तंतू एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून तो दाबला तर लवतो. लगद्याचा कोरा मुखवटा दाबला तर तडकतो. जाडी दीड-दोन मिलिमीटर असूनही रिबिनीच्या भोकापाशी तो दगा देतो तो यामुळेच.

दुकानातच थोडा वेळ देऊन माल तपासावा. मुखवटा उजेडासमोर धरला की पातळ जागा लगेच दिसतात. नाकाचा कणा आणि भुवईच्या वरची कड या दोन ठिकाणी लगदा कमी बसलेला असतो. आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब तसाच बसून राहिला तर लगद्यात पाणी अडवणारं द्रव्य घातलेलं आहे. क्षणात शोषला गेला तर पातळ रंग लावताच हा मुखवटा फुगणार. मग पट्टी काढून डोळ्यांच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजावं. मोठ्या माणसांच्या बुबुळांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक ते ५४ पासून ७४ पर्यंत बदलतं. मध्य ६२ ते ६४ वर असेल आणि प्रत्येक भोक किमान ४० मिलिमीटर रुंद असेल, तर बहुतेकांना नीट दिसतं. अरुंद, बदामी डोळे फोटोत सुबक वाटतात, पण घालणाऱ्याला बाजूचं आणि खालचं दिसत नाही. हॉलच्या पायऱ्या उतरताना त्याला मुखवटा काढावाच लागतो. शेवटी दहा मुखवटे एकात एक रचून पाहावेत. रचलेली चळत वाकडी झाली तर आकार सारखे नाहीत, आणि जोडीने मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तो फरक पहिल्यांदा दिसतो.

आता अस्तराचं काम. आधी कडा आणि डोळ्यांची भोकं धारदार कटरने साफ करून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्यावीत. पापणीला टोचणारी कड ही या मालाची सर्वांत नेहमीची तक्रार. फेव्हिकॉल तीन भाग आणि पाणी एक भाग असं मिश्रण करावं. पाणी याहून वाढवलं तर लगदा भिजून मऊ पडतो आणि आकार सोडतो. कोऱ्या न्यूजप्रिंटच्या दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या हाताने फाडाव्यात. कात्रीने कापलेल्या कागदाची कड उभी राहते आणि आतून गालाला जाणवते. फाडलेली कड विरळ होत जाते, म्हणून बसते. पहिला थर आडवा, दुसरा उभा. दोन थर दोन रंगांच्या कागदांचे घेतले तर कुठे काही सुटलंय ते नजरेला कळतं. पट्ट्या डोळ्यांच्या भोकांवरून आतून बाहेर दुमडल्या की कडेचा भुसा कायमचा बंद होतो. कानशिलांपाशी दोन थरांच्या मधे दोन बाय दोन सेंटिमीटरचा मलमलीचा तुकडा बसवावा. रिबिनीचं भोक कडेपासून निदान आठ-दहा मिलिमीटर आत पाडावं आणि त्यात चार मिलिमीटरचं आयलेट (भोकाची धातूची कडी) ठोकावं. ओढ कागदावर न येता कापडावर येते. एवढ्यावर मुखवट्याचं आयुष्य बदलतं.

ओला कागद वाळताना आकसतो. आतून अस्तर लावलं की मुखवटा आतल्या बाजूला आवळला जातो. बाहेरून प्रायमर लावला की उलटा पसरतो. यावर सोपा उपाय आहे: दोन्ही कानशिलांच्या भोकांतून दोरा ओवून टोकांमधलं अंतर सुमारे १४ सेंटिमीटर राहील असा ताणून बांधायचा आणि पूर्ण वाळेपर्यंत सोडायचा नाही.

वाळवणं हा ठाणे-नवी मुंबईतला खरा प्रश्न आहे. जून ते सप्टेंबर खाडीच्या दोन्ही अंगांना हवेत इतकी आर्द्रता असते की वरून कोरडा लागलेला मुखवटा आत ओलाच असतो. त्यावर रंग आणि वॉर्निश चढवलं की ओल कोंडते आणि काही दिवसांत आतून काळे ठिपके आणि कुबट वास येतो. हाताने चाचपून हे कळत नाही, वजनाने कळतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मुखवटा ठेवून आकडा मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहायचा, चार-पाच तासांनी पुन्हा ठेवायचा. वजन उतरायचं थांबलं की वाळला. कडक उन्हात ठेवू नये, एक बाजू आधी आकसून मुखवटा पिळवटतो. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात खाली आणि वर हवेची भोकं पाडून, बाजूला छोटा पंखा लावून, मुखवटे दोरीला टांगले तर पावसाळ्यातही काम चालू राहतं. नुसती उष्णता देऊन ओल जात नाही, ती बाहेर नेणारी हवा लागते.

चिकटवायला मैद्याची खळ स्वस्त पडते म्हणून पुष्कळजण ती सुचवतात. आपल्या हवेत ती नको. खळीला बुरशी धरते, झुरळं आणि कसर लागते. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पण मोरचूद विषारी आहे. तोंडावर, डोळ्यांजवळ, घामात भिजणाऱ्या वस्तूत तो कोणत्याही प्रमाणात चालणार नाही.

प्रायमरसाठी तयार अॅक्रिलिक जेसो उत्तम. घाऊक कामात व्हायटिंग पावडर (खडूची भुकटी), फेव्हिकॉल आणि पाणी यांचं घरगुती मिश्रण पुरतं: फेव्हिकॉल आणि पाणी समान, त्यात चमच्यावरून सलग धार पडेल इतपत पावडर. पातळ दोन हात, मधे पूर्ण वाळू देऊन ३२० नंबरचा पेपर. एकच जाड हात दिला तर नाकाच्या कण्यावर केसासारख्या भेगा पडतात. रंग साधे अॅक्रिलिक घ्यावेत. सोनेरीच्या बाबतीत मात्र जपून. वॉर्निशमध्ये कालवायची सोनेरी पावडर आणि स्वस्त सोनेरी वर्ख हे दोन्ही तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. घामाने ते काळवंडतात किंवा हिरवट होतात. ते दर्शनी बाजूलाच वापरावेत आणि वरून वॉर्निशने पूर्ण बंद करावेत. कडेवर, जिथे कातडी लागते तिथे, अॅक्रिलिकचा सोनेरीच बरा. वॉर्निश केल्यावर दोन दिवस उघड्यावर ठेवल्याशिवाय डब्यात घालू नये, वास आत साठतो.

बांधायला इलॅस्टिक की रिबीन? रिबीन. अर्ध्या इंचाची सॅटिन, प्रत्येक बाजूला ५० सेंटिमीटर, टोकं मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नेऊन बंद केलेली. ती कोणत्याही डोक्याला आणि अंबाड्यालाही जमते. इलॅस्टिक शाळेच्या कार्यक्रमांना, जिथे कपडे बदलायला क्षणभर मिळतो. चष्मा लावणाऱ्यांसाठी एका बाजूला ३० सेंटिमीटरची लाकडी काठी लावलेला प्रकार जरूर ठेवावा. तो मागणारी माणसं वाटतात त्याहून जास्त असतात. लेस आणि टिकल्यांसाठी भुलेश्वर गाठावं लागतं, किरकोळ रिबिनी आणि डबे ठाण्यात जांभळी नाक्यालाच मिळतात. रंगीत पिसं ओल्या पांढऱ्या कापडावर घासून घ्यावीत, रंग सुटला तर तो गिऱ्हाइकाच्या कपाळावर उतरणार. मोराची आपोआप गळलेली पिसं देशात विकता येतात, पण त्यांची निर्यात बंद आहे. परदेशातली ऑर्डर आली तर तो नमुना दाखवूच नये.

कागदी कोऱ्याला पर्याय म्हणून जे मिळतं त्यात प्लास्टिकचा कोरा मुखवटा सर्वांत स्वस्त. त्यावर रंग धरत नाही, आधी घासावा लागतो, ग्लू गनच्या उष्णतेने पातळ प्लास्टिक वाकतं आणि मे महिन्यात आत घामाचं पाणी होतं. दोन मिलिमीटरचं फोम लहान मुलांसाठी चांगलं. लेझरने कापलेला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला फळा) सपाट असतो, नाकावर दाबतो. भिंतीवर शोभतो, चेहऱ्यावर नाही.

स्वतःचा साचा कधी करावा? जेव्हा आकारच तुमचा हवा असेल तेव्हा. गणपतीच्या कारखान्यांत वापरतात ती शाडू घेऊन चेहरा घडवायचा, त्यावर पीओपीचा उलटा साचा घ्यायचा आणि साच्यात आतून कागद बसवायचा. पीओपी एक किलोला ६०० ते ७०० मिलिलिटर पाणी. पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीत नाही, नाहीतर गुठळ्या आणि हवेचे बुडबुडे राहतात. पीओपी घट्ट होताना तापतं, म्हणून ते थेट कोणाच्या चेहऱ्यावर कधीही ओतू नये. साच्यात पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, मग भिजवलेल्या क्राफ्ट पेपरचे तीन थर. असा मुखवटा कोऱ्या मालापेक्षा हलका, लवचीक आणि टिकाऊ होतो. अडचण वेळेची आहे. कोरड्या हवेतही एका साच्यातून दिवसाला एक नग धरावा, कारण कागदाचं पाणी साचा पितो आणि त्यालाही वाळावं लागतं. पाच साचे असले तरी १०० नगांना २० दिवस. त्यामुळे लग्नाच्या संगीताची किंवा ३१ डिसेंबरची ५०-१०० नगांची ऑर्डर कोऱ्या मालावर घ्यावी, आणि आपलं नाव ज्यावर व्हायचं ते मोजके नग आपल्या साच्यातून काढावेत. व्हेनिसमध्ये मुखवटेकारांच्या संघाला १४३६ मध्ये स्वतःची नियमावली होती; त्या परंपरेतल्या कागदी मुखवट्याची किंमत आजही सजावटीपेक्षा साच्यातून आलेल्या आकाराला आहे.

नाटकवाल्यांचं काम वेगळं. गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहातल्या प्रयोगासाठी मुखवटा मागितला तर चकचकीत वॉर्निश नको, दिव्यांत त्याचे डाग दिसतात, मॅटच द्यावं. पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा आवाज कोंडतो. व्हेनिसच्या बाउता या पूर्ण चेहऱ्याच्या मुखवट्याचा ओठांपुढचा भाग म्हणूनच पुढे काढलेला असतो, त्यात बोलता आणि खाता-पिताही येतं. बालनाट्यासाठी तो आकार नीट अभ्यासण्यासारखा आहे.

जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातले, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या देवांची सोंगं नाचवायच्या उत्सवातले, मुखवटे पाहून तसे पार्टीसाठी करून द्या म्हणणारे भेटतात. ते काम घेऊ नये. तिथे मुखवटा घालून देव नाचतो, त्याची पूजा होते. तो पाहुण्यांच्या फोटोसाठी नाही. असा मुखवटा कोणाला घरात हवा असेल तर तिथल्या कारागिराकडून विकत घ्यायला सांगावं.

डब्याचा हिशेब बहुतेक जण माल तयार झाल्यावर करतात, तो आधी करावा. कुरियर कंपन्या सहसा लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार ५००० ने भागून येणारं वजन धरतात. मुखवटा सजवून जेमतेम ६०-७० ग्रॅमचा, पण २४ बाय १८ बाय १२ च्या डब्यात तो १ किलोच्या वर मोजला जातो. उंची ८ वर आणली तर तोच ७०० ग्रॅमच्या आत येतो. म्हणून पिसं उभी न लावता कपाळावरून मागे झुकवून बसवावीत, नाकाच्या पोकळीत टिश्यू पेपरचा बोळा ठेवावा म्हणजे वरून दाब आला तरी कणा चेपत नाही, आणि जोडीची ऑर्डर एकात एक बसवून एकाच डब्यात पाठवावी. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच, आणि सोबत चिठ्ठी: ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या मऊ ब्रशने झटका.