पेंग्विन टाउन : जरूर बघा, फक्त मासळीचा विषय राहून गेलाय

नेटफ्लिक्सवरची ही २०२१ ची सिरीज आम्ही जरा उशिराच बघितली, आठच भाग आहेत, लेकीबरोबर तीन रात्रीत संपली. राणीच्या बागेतले पेंग्विन तिने काचेतून बघितलेत, ते हम्बोल्ट जातीचे, हे आफ्रिकन, आणि इथे मधे काचच नाही! दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ सायमन्स टाउन म्हणून गाव आहे तिथे हे लोकांच्या बागेत झुडपाखाली अंडी घालतात, रस्ता ओलांडतात, आणि ओरडतात चक्क गाढवासारखं.

एक जोडपं बोगनवेलीवाले, एक गटारात राहणारे म्हणून कल्व्हर्ट, आणि पार्किंगमधली एक टोळी. निवेदन अमेरिकन विनोदवीर पॅटन ऑसवाल्टचं. मला आधी वाटलं होतं पक्ष्यांना अशी नावं देऊन उगाच बालिश करतील, पण दुसऱ्या भागापर्यंत आम्ही दोघी कल्व्हर्टच्या घरट्याची काळजी करत बसलो होतो. ज्युनिअर नावाच्या पोरसवदा पेंग्विनची पिसं झडतात तो भाग तर फारच जीव लावतो, सगळं अंग कापूस निघालेल्या जुन्या उशीसारखं दिसतं, आणि त्या जवळजवळ तीन आठवड्यांत पाण्यात जाता येत नाही म्हणजे खाणंही बंद, नुसतं उभं राहायचं. आईबापांची पिसं झडायची वेळ झाली आणि पिल्लं अजून लहान असली तर ती उपाशी पडतात, अशा पिल्लांना सॅनकॉब ही संस्था नेऊन हाताने भरवून वाढवते आणि परत समुद्रात सोडते. ही माणसं मनापासून काम करतात, त्यांना अजून वेळ द्यायला हवा होता.

आता तक्रार. हे पेंग्विन कमी का होतायत ते नीट येतच नाही. यांचं खाणं सार्डिन आणि अँकोव्ही, म्हणजे आपल्या तारली आणि मांदेलीचे भाऊबंद, आणि तीच मासळी तिथल्या पर्ससीन बोटी, म्हणजे मोठ्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या, उचलतात, शिवाय समुद्र बदलल्यामुळे मासा दुसरीकडे सरकलाय. माझं माहेर रत्नागिरीकडचं, पर्ससीन आलं की काठावरच्या छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात काय उरतं ते लहानपणापासून ऐकलंय, त्यामुळे हे मला फार लागलं. सिरीज आली तेव्हा हा पक्षी धोक्यात होता, २०२४ मध्ये तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला, अंडी घालणाऱ्या जोड्या १० हजारांच्याही खाली आल्यात. मार्च २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाच्या आदेशाने सहा वसाहतींभोवती या दोन माशांची व्यावसायिक मासेमारी दहा वर्षांसाठी बंद झाली, त्यासाठी सॅनकॉब आणि पक्ष्यांसाठी काम करणारी बर्डलाइफ साउथ आफ्रिका या संस्था कोर्टात गेल्या होत्या.

तरी मुलांना दाखवाच, पाचपैकी चार. पुढचा सीझन काढलाच तर एक कॅमेरा बोटीवर ठेवा, जाळं वर येताना पेंग्विनच्या वाटणीचं त्यात किती आहे ते दिसू दे.